अपंग मुलांसाठी घोडेस्वारी: खरंच उपयोग होतो का? अनुभव हवेत

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडात, मिडलंड्समध्ये राहतो. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर नीट ताबा न राहणं) आहे. दोन्ही पाय कडक, टाचा टेकत नाहीत. घरात वॉकर धरून चालतो, बाहेर व्हीलचेअर. बोलणं मात्र अखंड, मराठी आणि इंग्रजी दोन्ही.

दीड वर्षापूर्वी त्याच्या शाळेतल्या एका आईनं सांगितलं म्हणून इथल्या आरडीएच्या (रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन) गटात नाव घातलं होतं. मग विसरूनही गेलो. परवा फोन आला, शनिवारी सकाळी साडेनऊची एक जागा रिकामी झालीय, हवी आहे का? दोन आठवड्यांत कळवायचंय. डॉक्टरांची सही लागणारा एक फॉर्मही आलाय.

नवरा एका पायावर तयार आहे. सासूबाई सांगलीहून फोनवर एकच वाक्य बोलल्या, "अगं, जमिनीवर नीट उभं राहता येत नाही त्याला, घोड्यावर कशाला चढवतेस?" ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये.

तुमच्यापैकी कुणाच्या मुलानं किंवा घरच्या माणसानं हे केलंय का? खरंच फरक पडतो की नुसती मजा? आणि पडण्याची भीती कितपत खरी?

सुधामती

कृष्णाकाठची, फॉर्म आजच डॉक्टरांकडे द्या. त्या सहीलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

मी यॉर्कशरमधल्या एका गटात सहा वर्षं दर बुधवारी जाते. निवृत्त झाल्यावर शेजारीण घेऊन गेली. त्याआधी मी घोड्याला हातही लावला नव्हता. पहिले तीन आठवडे मला फक्त खरारा करायला, खुरांतली माती काढायला आणि शेण गोळा करायला दिलं. मुलांजवळ जाऊ दिलं ते त्यानंतर, पोलिसांकडची पडताळणी आणि प्रशिक्षण झाल्यावर.

पडण्याबद्दल. तुमच्या मुलासारख्या मुलामागे आमच्याकडे तीन माणसं असतात. एक घोड्याची दोरी धरणारा. त्यानं फक्त घोड्याकडे आणि वाटेकडे बघायचं, मुलाशी गप्पा मारायच्या नाहीत. दोन बाजूंना दोघं, आम्ही त्यांना साइडवॉकर म्हणतो. ज्याचा तोल कच्चा आहे त्याच्या मांडीवरून आपला हात आडवा टाकायचा आणि बोटांनी खोगिराची पुढची कड धरायची. मूल कलायला लागलं की ते डोळ्यांना दिसायच्या आधी आपल्या हाताला कळतं. वीस मिनिटांत खांदा भरून येतो, मग बाजू बदलायच्या. त्यासाठी आधी घोडा थांबवायचा. एक जण बाजू बदलून हात नीट टेकवेपर्यंत दुसऱ्यानं जागचं हलायचं नाही. दोन्ही बाजू एकदम कधीच रिकाम्या करायच्या नाहीत.

मुलाला खोगिराला कधीही बांधत नाहीत, हे सासूबाईंना आवर्जून सांगा. बांधलेलं मूल घोडा घसरला तर त्याच्याखाली जातं. रिकिबीसुद्धा अशा असतात की पाय आरपार जाऊन अडकू नये. वेळ पडली तर दोन्ही बाजूंच्या माणसांनी मुलाला उचलून बाजूला घ्यायचं, याचा सराव आम्ही दर थोड्या महिन्यांनी करतो. आधी रिकामं खोगीर, मग आमच्यातलंच कुणीतरी वर बसतं.

सहा वर्षांत आमच्याकडे एक मुलगी घसरली. दोघींच्या हातांत आली, जमिनीला टेकली नाही. घोड्यावरून पडण्याचा धोका शून्य आहे असं कुणी म्हणालं तर मात्र विश्वास ठेवू नका.

बंडूनाना

एका स्वारामागे तीन माणसं! आमच्या वरातीत एकच मोतद्दार होता आणि तोही बँडच्या तालावर नाचत होता. घोडी आणि मी एकमेकांच्या भरवशावर मंडपात पोचलो.

कृष्णाकाठची, थट्टा सोडा, पाठवा लेकाला. आणि घोड्याचं नाव काय ते आम्हाला कळवा.

तर्कट

सगळे "पाठवा, पाठवा" म्हणतील, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या भाचीलाही सेरेब्रल पाल्सी आहे. गेल्या दहा वर्षांत तिच्या आईला लोकांनी काय काय सुचवलं त्याची यादी करायची तर हा धागा पुरायचा नाही. तेलं, मसाज, पट्टे, ऑक्सिजनची पेटी, डॉल्फिन. प्रत्येक वेळी कुणाचं तरी मूल "चालायला लागलं" अशी गोष्ट सोबत असते. प्रत्येक वेळी बहीण आशेनं जाते आणि रडून परत येते.

घोड्यावर बसून मुलाला आनंद होत असेल तर अवश्य बसवा. पण उपचार म्हणून पुरावा काय? हाच वेळ नेमाच्या व्यायामात घातला तर जास्त फायदा होणार नाही का?

मृण्मयी_फिजिओ

तर्कट, तुमच्या बहिणीचा थकवा मी रोज माझ्या खोलीत समोरच्या खुर्चीवर पाहते, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे. मी पुण्यात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. मधली तीन वर्षं इंग्लंडात होते, तिथे अशा एका गटाला सल्ला द्यायला जात असे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण सगळे त्या एकाच पोत्यात भरतात. हिप्पोथेरपी म्हणजे फिजिओ, ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्टनं घोड्याची चाल साधन म्हणून वापरून केलेला उपचार. आमच्या खोलीत मोठा चेंडू असतो, तिथे घोडा असतो, एवढाच फरक. तिथे मुलाला घोडेस्वारी शिकवायची नसते. आरडीएसारख्या गटांत मुख्यतः स्वारीच शिकवतात, शिकवणारा स्वारीचा प्रशिक्षक असतो, आणि शरीराला मिळणारा फायदा तिच्यासोबत येतो.

आता फायदा कसा होतो ते सांगते. घोडा संथ चालतो तेव्हा मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं टाकतो. दर पावलाला त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते आणि थोडी वळतेही. वर बसणाऱ्याची कंबर तशीच हलते, आणि ही हालचाल माणूस स्वतःच्या पायांनी चालताना कंबर जशी हलते तिच्याशी बरीच जुळते. ज्या मुलानं आयुष्यात सलग दहा पावलं टाकली नाहीत त्याच्या कमरेला वीस मिनिटांत दोन हजार पावलं मिळतात. हे मी माझ्या दोन हातांनी कधीच करू शकत नाही.

शिवाय फाकून बसल्यामुळे मांडीच्या आतले आखडलेले स्नायू ताणले जातात, तेही ऊबेत. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा साधारण एका अंशानं गरम असतं. घोडा थांबला, निघाला, वळला की दर वेळी पोट-पाठीच्या स्नायूंना तोल सावरावा लागतो. प्रशिक्षक उगीच गोल फिरवत नसतो, "थांब-चल-थांब" हाच व्यायाम असतो.

पुरावा म्हणाल तर सेरेब्रल पाल्सीवरचे अभ्यास बहुतेक छोटे आहेत. बसण्याचा तोल आणि मोठ्या हालचाली यांत काहींत माफक सुधारणा दिसते, काहींत दिसत नाही. स्वारी बंद केल्यावर ती किती टिकते हा प्रश्न उरतोच. फिजिओ सोडून घोडा, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण जे मूल माझ्या टेबलावर पाचव्या मिनिटाला "बास!" म्हणतं ते घोड्यावर अर्धा तास पाठ ताठ ठेवून बसतं, तेव्हा त्या अर्ध्या तासाची किंमत मला कळते.

कृष्णाकाठची, एक काम आधी करा. मुलाच्या खुब्यांचा अलीकडचा एक्सरे डॉक्टरांना दाखवा. स्पास्टिक (स्नायू कडक असलेल्या) मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकत असतो आणि वरून काहीच कळत नाही. सांधा निखळलेला असेल तर फाकून बसवायचं नाही. इतर वाचकांसाठी: डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सैलपणा तपासून घ्यावा लागतो, आणि फिट्स आटोक्यात नसतील तर थांबावं लागतं. फॉर्मवर डॉक्टरांची सही असते ती यासाठी.

तर्कट

मृण्मयी, धन्यवाद. इतक्या सरळपणे "माफक" हा शब्द कुणी वापरलेला मी पहिल्यांदा वाचला. बहिणीला हा प्रतिसाद पाठवतोय.

डेन्व्हरकर

आमचा अनुभव ऑटिझमचा आहे. मुलगा अकरा वर्षांचा, बोलत नाही. इथे अमेरिकेत अशा केंद्रांना पाथ इंटरनॅशनल नावाची संस्था मान्यता देते, आम्ही तिच्या यादीतून केंद्र शोधलं.

तर्कट म्हणतात त्या "चालायला लागलं" छापाच्या गोष्टी आमच्या वाट्यालाही आल्या. "घोड्यावर बसला आणि पहिला शब्द बोलला" असे व्हिडिओ नातेवाईक पाठवायचे. आमचा लेक चार वर्षं जातोय आणि अजून एक शब्द बोललेला नाही.

झालं ते असं. त्याच्या खोगिराला एक छोटी पाटी लटकवलेली असते. तिच्यावर तीन चित्रं: चल, थांब, वळ. सुरुवातीला तो त्यांच्याकडे बघायचाही नाही. त्याच्या डाव्या बाजूला चालणारे एक निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांनी ठरवलं की घोडा आपोआप निघणार नाही. मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे, बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, "गुड बॉय" म्हणायचं नाही, नुसतं थांबायचं. मला कुंपणापाशी उभं राहून ती शांतता सहन व्हायची नाही. सातव्या आठवड्यात त्यानं "चल"वर तळवा आपटला. घोडी निघाली. चार पावलांवर त्यानं स्वतःच "थांब"वर हात ठेवला, ती थांबली. मग पुन्हा चल, पुन्हा थांब. अर्धा तास त्याचा हाच उद्योग चालला होता. पाचशे किलोचा जीव आपल्या सांगण्यानं चालतो आणि थांबतो हे त्याला त्या दिवशी समजलं. आता घरी टॅबलेटवर चित्रं दाबून तो पाणी मागतो, पोळी मागतो आणि "आत्या नको" असंही सांगतो.

अभ्यासाचा विषय निघालाच आहे तर, कोलोरॅडोतल्या संशोधकांनी २०१५ साली एक बऱ्यापैकी मोठा प्रयोग प्रसिद्ध केला होता. ६ ते १६ वर्षांची १२७ ऑटिस्टिक मुलं, १० आठवडे. अर्ध्या मुलांना स्वारी दिली. उरलेल्यांनाही तबेल्यातच बोलावून घोड्यांबद्दलच शिकवलं, पण खऱ्या घोड्याला हात लावू दिला नाही. स्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली, वापरातले शब्दही वाढले. आमच्याकडे शब्द आले नाहीत, झोप मात्र सुधारली.

बंडूनाना

त्या पोस्टमनकाकांना माझा साष्टांग नमस्कार. वीसपर्यंत गप्प बसणं मला माझ्या नातवासमोर जमत नाही.

("आत्या नको" वाचून आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत.)

टिळकरोडवासी

परदेशातलं वाचून छान वाटलं, पण इकडचं काय? माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. तीन वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो असताना तिनं घोड्यासाठी हट्ट धरला. घोडेवाल्यानं तिला वर बसवलं, माझ्या बायकोची ओढणी मागितली आणि पोरीला खोगिराला बांधून टाकलं. "काही होत नाही साहेब." सुधामतींचं वाचेपर्यंत आम्हाला वाटत होतं, तो पोरीची काळजीच घेतोय. आज अंगावर काटा आला.

नंतर शहराजवळच्या एका रायडिंग क्लबात विचारलं तर "असल्या मुलांची जबाबदारी आम्ही घेत नाही" म्हणाले. "असल्या" हा त्यांचाच शब्द. मुलगी शेजारी उभी होती, तिला सगळं कळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे, डाउन सिंड्रोमचं मूलही त्यात येतं, पण फाटकावरच्या माणसाला हे कोण सांगणार?

रानवारा

माझे वडील माथेरानला घोडा चालवायचे, आजोबाही. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरीपासून पुढे सामान, म्हातारी माणसं, आजारी माणसं सगळं घोड्यावर नाहीतर हातरिक्षात जायचं. टिळकरोडवासी, ओढणी बांधणं चूकच. पण त्या माणसाला दुसरं काही कुणी शिकवलेलंच नसतं. दिवसभरात चार फेऱ्या झाल्या तर घोड्याची चंदी सुटून घरात काही उरतं. त्यात दोन जास्तीची माणसं बाजूनं चालवायची तर ती आणायची कुठून?

पण एक सांगते. आमच्या आळीत पोलिओ झालेला एक मुलगा होता. माझे वडील पावसाळ्यात, पर्यटक नसताना, त्याला आमच्या राजावर बसवून शाळेत सोडायचे. पैसे घ्यायचे नाहीत. राजाला उताराची उभी वाट आवडायची. हा मुलगा पाठीवर असला की तो लांबची, मऊ मातीची वाट धरायचा आणि वडील लगाम न ओढता मागून चालायचे. राजाला काय कळायचं ते देव जाणे. मला लहानपणी वाटायचं की वडिलांनीच शिकवलंय. वडील म्हणायचे, "मी नाही गं, तोच."

अशी माणसं आणि असे घोडे आपल्याकडे आहेत. त्यांना कुणी प्रशिक्षण आणि त्या तासाचे पैसे दिले तर ते करतील.

अश्वमित्र

रानवारा, तुमचा राजा डोळ्यांसमोर उभा राहिला.

मी घोड्यांचा डॉक्टर आहे. आपल्याकडे असं काही सुरू करायचं तर घोडं अडतं कुठे ते सांगतो. घोडे आहेत. काठियावाडी-मारवाडी संकराची काटक जनावरं डोंगरावर आहेतच. भीमा-नीरेच्या खोऱ्यात मेंढपाळांसोबत फिरणारी भीमथडी तट्टं तर अंगानं बुटकी आणि पायाची खात्रीची, बाजूनं चालणाऱ्याचा हात मुलाच्या कमरेपर्यंत सहज पोचेल. पण फेऱ्या मारून दमलेला घोडा या कामाला चालत नाही. एका बाजूला कललेलं, मध्येच किंचाळणारं, मानेला मिठी मारणारं मूल, शेजारी कुबड्या, चाकाची खुर्ची, हे सगळं त्यानं शांतपणे सोसायचं असतं. त्याला महिनोन्‌महिने सवय करावी लागते. तिरक्या ओझ्यानं त्याची पाठ धरते, म्हणून दिवसाचे मोजकेच तास काम द्यायचं आणि मधूनमधून रिकामं मोकळं फिरवायचं. ग्लँडर्ससारखा माणसाला होऊ शकणारा आजार आपल्याकडे आहे, तेव्हा रक्ततपासणीही नियमित हवी.

सुधामती, तुमच्याकडे घोड्याला "आज नको" म्हणायची मुभा असते का?

सुधामती

असते. आमच्या गटात दोरी धरणाऱ्याचा शब्द शेवटचा. कान मागे पाडले, शेपटी सारखी फटकारली, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला वळला की त्या दिवशी त्याला सुट्टी. मुलं हिरमुसतात. पण मोठ्या मुलांना आम्ही कान बघायला शिकवतो. एक मुलगी एकदा मला म्हणाली, "माझं पण कधीकधी असंच होतं, पण मला कुणी सुट्टी देत नाही." पुढच्या आठवड्यात तिनं स्वतःच सांगितलं, आज फक्त खरारा करायचाय, बसायचं नाही. आम्ही तसंच केलं.

हेमाकाकू

धाग्याच्या नावात "मुलांसाठी" आहे, पण मोठ्यांचीही गोष्ट सांगते.

डेन्मार्कची लिस हार्टेल. १९४४ साली तेविसाव्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हा ती गरोदर होती. मूल सुखरूप जन्मलं, पण तिचे गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. तरी तिनं ज्युबिली नावाच्या घोडीला असं शिकवलं की पायांचा इशारा लागूच नये, बैठकीतल्या हलक्याशा बदलानं कळावं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज (स्वाराच्या इशाऱ्यांवर घोड्यानं ठरलेल्या चाली करून दाखवायच्या) या प्रकारात बायकांना पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीनं उतरू दिलं आणि हिनं रौप्यपदक काढलं. पदक घ्यायला चौथऱ्यापर्यंत जायचं तर सुवर्ण जिंकलेल्या स्वीडनच्या स्वारानं तिला आधार दिला. १९५६ ला पुन्हा रौप्य.

तिच्यामुळे युरोपात लोकांचे डोळे उघडले. इंग्लंडातली आरडीए १९६९ ची. राजकन्या ॲन १९८५ पासून तिची अध्यक्ष आहे. १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून अपंग स्वारांचं ड्रेसाजही सुरू झालं.

माझे यजमान स्वतः पोलिओचे, म्हणून मला ही गोष्ट पाठ.

स्कॉटलंडची_सून

मोठ्यांचं निघालंय तर माझ्या सासऱ्यांबद्दल लिहिते. तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. त्यांना घोड्यावर बसणं शक्य नाही. पण इथल्या गटात घोडागाडीही आहे. व्हीलचेअर फळीवरून थेट गाडीत चढते, शेजारी जाणकार माणूस बसतो, त्याच्या हातात लगामाचा दुसरा जोड असतो. बाबा डाव्या हातानं हाकतात. कोल्हापूरला त्यांच्या वडिलांचा टांगा होता. पहिल्याच दिवशी त्यांनी जीभ टाळ्याला लावून टक-टक केलं आणि स्कॉटिश घोडी कान टवकारून निघाली! आजारानंतर शब्द अडकतात, पण ते टक-टक एकदाही अडकलं नाही.

सुधामती

काय सुंदर!

आमच्याकडे एक अंध तरुणी स्वारी करते. ड्रेसाजच्या मैदानाच्या कडेनं इंग्रजी अक्षरं लावलेली असतात, क्रम असा: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. तिला ती दिसत नाहीत, म्हणून आम्ही आठ जणी एकेका अक्षराशी उभ्या राहतो आणि घोडा जवळ आला की आपापलं अक्षर पुकारतो. आवाजाच्या दिशेवर ती इतकं सरळ येते की मी "बी" म्हणत उभी असताना घोड्याचा श्वास कानाला लागतो. पण ही अक्षरं काही केल्या लक्षात राहत नाहीत. इंग्रजीत राजा एडवर्डच्या घोड्यांवर काहीतरी वाक्य आहे, मराठीत नाही.

बंडूनाना

ही घ्या सेवा: "ए काकू, ई! हळद चहात? मग बासुंदीत फुटाणे!"

सुधामती

बंडूनाना, परवा हे आमच्या गटातल्या दोन गुजराती बायकांनाही शिकवलं. पाठ झालं!

डेन्व्हरकर

हे वाक्य डेन्व्हरलाही चाललं.

कृष्णाकाठची

धागा वर काढते आहे. दोन महिने झाले, कळवायला उशीर झाला, माफी असावी.

एक्सरे काढला. मृण्मयीताई, तुमच्यामुळेच. डावा खुबा थोडा सरकलाय, पण डॉक्टरांनी हरकत नाही म्हणून सही केली आणि दर सहा महिन्यांनी तपासायला सांगितलं. तुम्ही लिहिलं नसतं तर हे आम्हाला कधी कळलं असतं कुणास ठाऊक.

बंडूनाना, घोड्याचं नाव बिस्किट. पिवळसर रंगाचा, पोटाळ, एकवीस वर्षांचा.

पहिल्या शनिवारी व्हीलचेअरसकट उतारावरून चढवून एका ओट्यावर नेलं. बिस्किट ओट्याला अंग लावून उभा. दोन बायकांनी लेकाला उचललं, पण त्याचे पाय फाकेचनात, कात्रीसारखे एकमेकांवर. मला वाटलं संपलं. त्यांतली एक म्हणाली, घाई नाही. त्याला आधी आडवा, दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन बसवला आणि दोघी गप्पा मारत राहिल्या. बिस्किट जागचा हलला नाही. तीन-चार मिनिटांनी लेकाची उजवी मांडी सैल झाली, मग हळूच पाय पलीकडे घेतला. मी श्वास धरून उभी होते.

तेव्हापासून सात शनिवार झाले. आता पाय यायला मिनिटभर लागतं. घोड्यावरून उतरल्यावर अर्धा-पाऊण तास त्याच्या टाचा खाली टेकतात, दुपारपर्यंत पुन्हा वर जातात. चालण्यात फरक अजून नाही. पण परवा जेवताना तो खुर्चीचा पट्टा न लावता बसला होता आणि आम्हा दोघांच्याही ते जेवण संपल्यावर लक्षात आलं.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, त्याला एवढ्या उंचावरून बघताना मी कधी पाहिलंच नव्हतं. नेहमी वर मान करून बोलतो पोरगं." तेव्हापासून दर शनिवारी भारतातल्या दुपारी त्या फोन हातात धरून बसतात.

तर्कट

अभिनंदन. मनापासून आनंद झाला. एक विनंती: महिन्यातून एकदा, त्याच वॉकरवर, तेवढ्याच अंतराचा व्हिडिओ काढून ठेवा. वर्षानं तुम्हालाच उपयोगी पडेल. माझी बहीण तिच्या फिजिओशी बोलली आहे. त्यांच्या ओळखीत कुणी नाही, पण शोधतायत.

मृण्मयी_फिजिओ

तर्कट, मला व्यक्तिगत निरोप करा. आणि टिळकरोडवासी, तुम्हीही. रानवारा आणि अश्वमित्र यांच्याशी माझं बोलणं झालंय. दोन घोडे, एक मोकळं मैदान आणि आठ-दहा नेमानं येणारी माणसं, एवढ्यावर काही करता येतं का बघतोय. घोडे मिळतील. माणसं दर आठवड्याला यायला हवीत, एक रविवार आली आणि चार रविवार गायब असं चालत नाही.

टिळकरोडवासी

मी आणि बायको दोघं येतो. रविवार सकाळ लिहून ठेवा.

कृष्णाकाठची

अश्वमित्र, एक तातडीचा प्रश्न. लेकानं बिस्किटसाठी स्वतःच्या डब्यातलं गाजर वाचवून ठेवलं होतं. तिथे सांगितलं की त्याला खुरांचा आजार होऊन गेलाय, साखर बंद, गाजर आणि सफरचंदही नाही. लेक फार खट्टू झालाय. त्याला काय देता येईल?

अश्वमित्र

खायला काही नको. मानेची आयाळ जिथे संपते तिथे खांद्यांमध्ये उंचवटा असतो. त्याच्या पुढच्या अंगाला बोटांच्या टोकांनी जोरात खाजवायला सांगा, हळू कुरवाळायचं नाही. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, त्यानं त्यांचे हृदयाचे ठोके मंदावतात. खोगिरात बसल्या-बसल्या लेकाचा हात तिथे पोचेल. पुढे वाकावं लागेल, तोही व्यायामच.

कृष्णाकाठची

खाजवलं. दोन्ही हातांनी, खोगीर सोडून! बिस्किटनं मान लांब केली, डोळे अर्धे मिटले आणि वरचा ओठ सोंडेसारखा पुढे काढून हवेतच हलवत राहिला. लेक इतका हसला की बाजूच्या दोघींना त्याला घट्ट धरावं लागलं. घरी आल्यापासून ओठ पुढे काढून आजीला तेच करून दाखवतोय.